पितळी खर्जाची कुळकथा

पोंभुर्ण्यासारख्या अरण्यपट्ट्यातील तालुक्याच्या गावी बँडाची वरात निघाली, म्हणजे क्लॅरिनेट व ट्रंपेट यांची चाल सर्वांच्या कानी पडते. परंतु त्या चालीला ज्याच्या आधाराने भारदस्तपणा येतो, त्या युफोनियमच्या खर्जाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

पितळी वाद्याचा स्वर ओठांच्या कंपनातून उपजतो आणि नळीच्या लांबीवर स्थिरावतो. नळीतील अखंड वायुस्तंभ एकसंध डोलला, म्हणजे त्या वाद्याचा मूलस्वर, अर्थात अतिमंद्र खर्ज, निघतो. अरुंद नळीत तो दुर्बल व बेसूर राहतो, तर तोंडाकडे रुंदावत जाणाऱ्या प्रशस्त नळीत भरदार लागतो. तेथे ओठ सैल, जबडा खाली आणि श्वास विपुल परंतु संथ हवा. जोराने फुंकणाऱ्याचा स्वर वरच्या सप्तकात निसटतो. सुमारे 18 फूट नळीच्या ट्युबा या पितळी वाद्याचा हा मूलस्वर सेकंदाला अवघ्या 29 कंपनांचा असतो.

युरोपात पूर्वी खर्ज धरण्याचे काम लाकडी, नागमोडी ‘सर्पंट’ करीत असे. पण त्याच्या बोटांच्या छिद्रांतून निघणारे स्वर एकसारख्या ताकदीचे नसत. नळीची लांबी वाढविणाऱ्या झडपांची योजना आल्यावर प्रशियाच्या लष्करी बँडांचा पुढे प्रमुख झालेला विल्हेल्म विप्रेख्ट आणि वाद्यकार योहान मोरित्झ यांनी 12 सप्टेंबर 1835 रोजी बर्लिनमध्ये बास ट्युबाची सनद मिळवली. तीन झडपांनी मूलस्वराच्या वर पाच स्वरांची पोकळी उरते. त्यांनी पाच झडपा बसवून वादकाला मूलस्वरापर्यंत सलग उतरण्याची वाट करून दिली. युफोनियम हे त्याच कुळातील पुढच्या दशकातले धाकटे अपत्य.

आपल्या मुलखात ही विद्या पलटणींच्या मार्गाने आली. नागपूरजवळच्या कामठीची छावणी 1821 साली वसली. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांद्यावर (आजच्या चंद्रपूरवर) इंग्रजी अंमल बसला. उत्तरेत मेरठच्या नादिर अली यांनी 1885 साली वाद्यांची पेढी काढली, आणि छावणीतील कवायतीचे वाद्य देशभर लग्नमंडपाच्या दारी पोहोचले.

म्हणून बँड ठरविणाऱ्या यजमानांस विनंती, की काटकसर करावयाचीच असेल तर झगमगाटात करावी, खर्ज धरणाऱ्या वादकाला मात्र वगळू नये; तो नसेल तर उरलेले सारे स्वर निराधार होतात.