दफनाला आलेले शेजारी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात निकेल माइन्स नावाचं खेडं आहे. आसपास आमिश लोकांची शेतं. घोडागाडीतून फिरणारे, घरात विजेची तार न घेणारे हे ख्रिस्ती शेतकरी आपण चित्रांत पाहिलेले असतात. २ ऑक्टोबर २००६ च्या सकाळी त्यांच्या एकखोली शाळेत बत्तीस वर्षांचा एक माणूस बंदुका घेऊन शिरला. मुलग्यांना त्यानं जाऊ दिलं, दहा मुलींना डांबून ठेवलं. पोलीस आल्यावर त्यानं त्या दहाही जणींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःला संपवलं. पाच मुली दगावल्या.

हा माणूस परका नव्हता. आमिश गोठ्यांवरून दूध गोळा करणारा टँकरचालक, तीन मुलांचा बाप. जन्मताच गेलेल्या पहिल्या मुलीचं नऊ वर्षांपूर्वीचं दुःख आणि त्यापायी देवावरचा राग त्यानं चिठ्ठीत लिहून ठेवला होता. एवढ्यावरून त्याला अमुक आजार होता असं ठरवणं मला धाडसाचं वाटतं. मनाचे आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. ‘वेडा’ म्हटलं की बदनामी मात्र त्यांची होते. मला त्या चिठ्ठीत दिसतं ते माणसांत राहूनचं एकटेपण. आपल्याकडेही तान्हं मूल गेलं की ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ म्हणून विषय मिटवतात. बापाला तर तेवढंही कुणी म्हणत नाही. अर्थात असं दुःख हजारो जण गिळतात आणि बंदूक उचलत नाहीत, हेही खरंच.

त्याच संध्याकाळी काही आमिश शेजारी त्याच्या बायकोला भेटायला गेले. तिच्याविषयी मनात काही नाही, एवढं सांगायला. त्याच्या दफनाला जमलेल्यांत निम्मे तरी आमिश होते. जगभरातून मदत आली, तिचा वाटा त्या विधवेलाही दिला.

जग चकित झालं, पण या वागण्यामागे चारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात युरोपात या पंथाच्या पूर्वजांचा फार छळ झाला. १५६९ मध्ये हॉलंडमध्ये डर्क विलेम्स हा कैदी गोठलेल्या पाण्यावरून पळून जात होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला. डर्क मागे फिरला, त्याला वर काढलं, पकडला गेला आणि जाळला गेला. १६६० च्या हुतात्म्यांच्या मोठ्या ग्रंथात त्याची कथा आहे आणि आमिश घरांतून ती मुलांना सांगतात.

‘इतक्या लवकर माफी कशी?’ असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो मला गैर वाटत नाही. आमिशांचं म्हणणं असं, की माफी हा आधी निश्चय असतो, मन मागून येतं. कधी फार मागून. रोज नव्यानं माफ करावं लागतं. मानसोपचारातल्या जाणकारांची मदतही त्यांनी घेतली, प्रार्थना पुरे म्हणून बसले नाहीत. दहा दिवसांनी ती शाळा पाडली. एप्रिल २००७ मध्ये जवळच नवी उभी राहिली.

मारेकऱ्याची आई टेरी रॉबर्ट्स. वाचलेल्या मुलींपैकी एकीला चालता-बोलता येत नव्हतं. टेरीबाई दर आठवड्याला तिच्या घरी जाऊ लागल्या. तिला न्हाऊ घालायच्या, वाचून दाखवायच्या, गाणी म्हणायच्या. त्यांना स्वतःला कर्करोग होता. २०१७ मध्ये त्या वारल्या.