ताटी, खापर आणि भिंत

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्या उत्तरार्धाचा अनुभव घेण्यासाठीं आज पुष्कळ लोक आळंदीस येतात. गांवांत मंगल कार्यालयांची दाटी झाली आहे, आणि कार्तिकीची गर्दी ओसरते न ओसरते तोंच लग्नसराईची गर्दी सुरू होते. म्हणीच्या पूर्वार्धाची आठवण मात्र त्या गांवीं फारशी कोणास होत नाहीं. वस्तुतः आळंदीच्या इतिहासांतील सर्वांत करुण प्रकरण घराचेंच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका कुटुंबानें गांवाबाहेर झोपडी घातली. ती पुरी करून तींत संसार मांडावा ही त्या कुटुंबाची इच्छा गांवानें सुखासुखी तडीस जाऊं दिली नाहीं. त्या झोपडीकडे आपण तीर्थ म्हणून पाहतों. क्षणभर तिच्याकडे एक घर म्हणून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कुटुंब कोणतें हें वाचकांस सांगावयास नको. आपेगांवच्या कुळकर्ण्यांचे चिरंजीव विठ्ठलपंत आणि आळंदीच्या सिद्धोपंतांची कन्या रुक्मिणी यांचा विवाह, विठ्ठलपंतांनीं काशीस जाऊन घेतलेला संन्यास, गुरूंच्या आज्ञेवरून त्यांचें पुनः गृहस्थाश्रमांत येणें, आणि ‘आरूढपतित’ म्हणून त्यांच्यावर पडलेला बहिष्कार, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. शके ११९५ पासून १२०१ पर्यंत दोन-दोन वर्षांच्या अंतरानें निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई हीं भावंडें जन्मलीं, असें रूढ गणित आहे. गांवांत थारा नाहीं म्हणून हें कुटुंब इंद्रायणीच्या कांठीं सिद्धबेटावर झोपडी घालून राहिलें. पुढें आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें, आणि झोपडी चार पोरक्या मुलांच्या हातीं आली. परंपरा सांगते ती हकीकत ही अशी.

झोपडीला शिलालेख नसतो. त्याच काळीं देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता, आणि यादवांच्या राज्यांत चुन्यावांचून दगडावर दगड बसवून उभारलेलीं देवळें आजही महाराष्ट्रांत जागोजाग उभीं आहेत. गवताचें छप्पर मात्र चार पावसाळ्यांत कुजून जातें. म्हणून या घराविषयीं आपणांस जें कांहीं कळतें, तें नामदेवांच्या नांवावर असलेल्या चरित्रपर अभंगांवरून आणि महीपतींच्या ‘भक्तविजया’सारख्या ग्रंथांवरून. भक्तविजय शके १६८४ मध्यें पुरा झाला, म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीनंतर साडेचारशें वर्षांहून अधिक काळानें. एवढ्या अंतरानें सांगितलेल्या चमत्कारांतून इतिहास कसा निघावयाचा, असें चिकित्सक वाचक म्हणेल, आणि त्याचा आक्षेप योग्य आहे. चमत्काराचा निवाडा इतिहासाच्या कचेरींत होत नाहीं. परंतु लोकांनीं ते चमत्कार कोणत्या वस्तूंभोंवतीं गुंफले, हें पाहण्यास कांहीं हरकत नाहीं. तसें पाहूं लागलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. या भावंडांच्या आळंदींतील तीन सुप्रसिद्ध आख्यायिका तीन घरगुती वस्तूंशीं जडलेल्या आहेत : एक झोपडीची ताटी, दुसरी मांडे भाजण्याचें खापर आणि तिसरी बसावयाची भिंत.

देशावर झोपडी कशी घालतात हें खेड्यांत वाढलेल्यास ठाऊक असतें. बाभळीच्या दुबेळक्याच्या मेढी जमिनींत पुरावयाच्या, त्यांवर आढें टाकावयाचें, आढ्यावरून दोहों बाजूंस वासे सोडावयाचे आणि वर गवत शाकारावयाचें. भिंतीच्या जागीं तुरकाठ्यांचा कूड विणून तो शेणमातीनें लिंपावयाचा. दाराच्या जागीं तसल्याच काठ्यांची विणलेली ताटी. तिला चौकट नाहीं, बिजागरी नाहीं, कडीकोयंडा नाहीं; दिवसा ती बाजूस सारावयाची, रात्रीं आडवी लावून आंतून दोरीनें बांधावयाची. कुत्र्याला आणि वाऱ्याला ती अडविते. चोराला अडविण्याचा तिचा दावाही नसतो. या सगळ्या साहित्यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं यांतलें जवळजवळ कांहींच कोणापाशीं मागावें लागत नाहीं. एक कोयता, जवळचें रान, नदीची माती आणि घरचे हात, एवढ्यांवर झोपडी उभी राहते. चौकटीचें दार करावयाचें तर सुतार हवा आणि कडी बसवावयाची तर लोहार हवा. ताटी लावणारास दोघांचीही गरज नाहीं. बहिष्कृताला ज्या प्रकारचें दार करतां येतें, नेमकें तेंच दार परंपरेनें या घराला दिलें आहे.

परंतु घर बांधणें निराळें आणि घर मांडणें निराळें. झोपडी उभी राहिल्यावर तींत काय काय हवें, याची यादी करून पाहावी. पाणी भरावयास घागर आणि रांजण, शिजवावयास मडकें, दळावयास जातें, पाखडावयास सूप, भाकरी ठेवावयास दुरडी, उंदरामांजरांपासून दूध राखावयास शिंकें, झाडावयास केरसुणी, अंथरावयास घोंगडी. आतां या यादीसमोर दुसरी यादी मांडावी. घागर-मडकें कुंभाराचें, जातें पाथरवटाचें, सूप आणि दुरडी बुरुडाची, दोर, शिंकें आणि केरसुणी मांगाची, घोंगडी धनगराची. संसाराची यादी ही अशी गांवाचीच यादी होऊन बसते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ लिहून बलुत्या-अलुत्यांची ही सारी व्यवस्था मोठ्या बारकाईनें वर्णिली. तिचा तपशील देणारे कागदपत्र ज्ञानदेवांच्या नंतरचे आहेत हें खरें. तथापि वस्तु घडविणारे हात जातीजातींत वांटलेले असणें ही गोष्ट पुष्कळच जुनी आहे. अशा गांवांत बहिष्कार घालावयाला शस्त्र लागत नाहीं कीं शिपाई लागत नाहीं. चार दारांवर जाऊन चार शब्द बोलले म्हणजे काम होतें.

खापराच्या आख्यायिकेंत हेंच घडतें. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडा तव्यावर होत नाहीं. हातावर पसरून पातळ केलेली पोळी तापलेल्या खापराच्या पालथ्या पाठीवर टाकावी लागते. म्हणून मुक्ताई कुंभारवाड्यांत खापर आणावयास निघाली. गांवांतील विसोबा चाटी यानें तिला वाटेंत गांठलें, आणि या पोरांना भांडें द्यावयाचें नाहीं अशी कुंभारांस ताकीद दिली. ती रिकाम्या हातानें परतली. पुढें ज्ञानदेवांनीं योगबळानें आपली पाठ तापविली आणि तिच्यावर मांडे भाजले, ही गोष्ट आपण कीर्तनांत ऐकतों आणि माना डोलावतों. माझें लक्ष मात्र त्या आधींच्या रिकाम्या हातांकडे जातें. ज्या समाजानें ही कथा रचली आणि जपली, त्याला बहिष्कार कोठें बोंचतो हें नेमकें ठाऊक होतें. वेदाधिकार नाकारल्याचें दुःख पंडितांस समजेल. मडकें नाकारल्याचें दुःख समजावयास पांडित्य लागत नाहीं.

ताटीची आख्यायिका याच दुःखाची दुसरी बाजू आहे. माधुकरीस गेले असतां कोणी टाकून बोलल्यामुळें ज्ञानदेव खिन्न झाले, झोपडींत शिरले आणि ताटी लावून बसले. बाहेरून मुक्ताईनें जी विनवणी केली ती ‘ताटीचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहे. मौखिक परंपरेंतून आलेल्या या अभंगांच्या भाषेची चिकित्सा अभ्यासकांनीं करावी. प्रसंगाचा अर्थ त्यावांचूनही उघड आहे. ज्यांच्यावर साऱ्या गांवानें दारें लावलीं, त्यांना लावावयास ही एवढीच ताटी होती. आणि ती ताटी असल्यामुळेंच संवाद शक्य झाला. सागवानी दाराआड बसलेल्या भावाला बहिणीचा शब्द पोंचला असता कीं नाहीं कोण जाणे. काठ्यांच्या फटींतून आवाज आंत जातो, आणि आंतला माणूस बाहेरून दिसतोही.

या ठिकाणीं एका रूढ समजुतीचा विचार करणें प्राप्त आहे. हीं भावंडें विरक्त होतीं, त्यांना झोपडीच प्रिय होती, असें आपण सहज बोलून जातों. ज्ञानेश्वरींत त्याला आधारही दिसतो. तेराव्या अध्यायांत अनासक्त पुरुषाचें वर्णन करतांना ज्ञानदेव म्हणतात, कीं वाटेनें जातांना झाडाची सावली लाभावी, तिजवर जेवढी आस्था असावयाची तेवढीही त्याला घराविषयीं वाटत नाहीं. परंतु त्याच ग्रंथाचा सहावा अध्याय पाहावा. योग्यानें बसावें कोठें आणि कसें, हें तेथें सांगितलें आहे. जवळ निर्मळ पाणी असावें, झाडी असावी, ऊन सौम्य असावें, फार वर्दळ नसावी. तेथें एखादा एकांतांतला मठ किंवा शिवालय असावें. मग आसन : खालीं कोंवळे दर्भ, आणि वर मृगाजिन व धुतलेल्या वस्त्राची घडी. तें फार उंच झालें तर शरीर डळमळेल, फार सखल झालें तर जमिनीचा दोष लागेल. गीतेच्या एका श्लोकावरचा हा विस्तार आहे हें खरें. पण जागा निवडण्यांतली आणि बैठक घालण्यांतली ही आस्था घराला विटलेल्या माणसाची वाटत नाहीं. सावलीची उपमाही, सावलीची किंमत ज्याला कळली त्यालाच सुचावयाची. शिवाय परंपरा स्वतःच काय सांगते? शुद्धिपत्र मिळावें म्हणून हीं मुलें पैठणापर्यंत चालत गेलीं, आणि खापर मिळावें म्हणून मुक्ताई कुंभाराकडे निघाली. गांवांत राहूं द्या, चूल पेटवूं द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांचें दारिद्र्य गांवानें लादलेलें होतें. त्याला वैराग्य हें नांव आपण मागाहून दिलें, आणि त्या नांवाखालीं लादणारे आपोआप सुटून गेले.

राहिली भिंत. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाला सामोरें जाण्यासाठीं चारी भावंडें बसल्या भिंतीसह निघालीं, अशी कथा आहे, आणि ती भिंत आळंदीस आजही दाखवितात. कोरें पत्र पाठविणाऱ्या त्याच चांगदेवास ज्ञानदेवांनीं पासष्ट ओव्यांचें उत्तर लिहिलें. भिंत चालली ही गोष्ट ऐकतांना मला नेहमीं दुसऱ्या एका भिंतीचें स्मरण होतें. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर बेचाळीस वर्षांनीं, इ. स. १३३८ मध्यें, मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, असें परंपरा सांगते. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणिल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधि झाली. आळंदीच्या चार मुलांना गांवाबाहेर राहावें लागलें तें बापाच्या एका कथित अपराधामुळें, आणि त्याला शुद्धिपत्राचा उपाय होता असें निदान मानीत तरी होते. चोखोबांना गांवाबाहेर राहावयास अपराध करावा लागला नाहीं, आणि त्यांच्यासाठीं शुद्धिपत्राची सोयही कोणी ठेविली नव्हती. ज्या कुसाच्या आंत त्यांना घर बांधूं दिलें नसतें, तें कूस बांधतां बांधतां ते गेले. त्यांची समाधि दारासमोर राहिली, आणि तें दार त्यांच्या लोकांस उघडण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. त्यासाठीं साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. चोखोबांच्या झोपडीची ताटी कशी होती, तिच्या चुलीवर काय शिजत होतें, हें आपण कधीं विचारिलें नाहीं. आळंदीच्या झोपडीसाठीं आपण जे अश्रु ढाळतों, त्यांतले थोडे तरी तिकडे वळावयास हवे होते.

असो. हें सर्व लिहिण्यास एक घरगुती कारण घडलें, तें सांगून लेख पुरा करितों. गेल्या वर्षीं आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या भाड्यानें द्यावयाच्या होत्या. चाकणच्या एका कारखान्यांत नुकताच लागलेला एक तरुण बायकोला घेऊन विचारावयास आला. लग्न होऊन दोन महिने झाले होते. भांडीं घेतलीं आहेत पण मांडावयास जागा नाहीं, असें ती हंसून म्हणाली. मीं त्याला नांव विचारलें. त्यानें सांगितलें. मीं आडनांव विचारलें. तो किंचित् थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, तेंही सांगतों, पण खोल्या आधीं पाहूं द्या.’’ त्यांनीं खोल्या पाहिल्या, खिडकी उघडून पाहिली, चूल कोठें ठेवावयाची तें तिनें ठरविलें. जातांना त्यानें आडनांव सांगितलें. मी म्हणालों, विचार करून कळवितों. आणि कळविलें नाहीं.

कुंभारवाड्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या विसोबालाही आपण कांहीं मोठें पाप करीत आहों असें वाटलें नसेल. तो गांवाची रीत सांभाळीत होता. परंतु परंपरा सांगते, कीं विसोबाला पश्चात्ताप झाला, तो त्या झोपडीशीं परत गेला, आणि पुढें नामदेवांचा गुरु विसोबा खेचर म्हणून ओळखला गेला. गेल्या कार्तिकांत सिद्धबेटावर जाऊन आलों तेव्हां हें सारें मनांत होतें. त्या तरुणाचा पत्ता माझ्यापाशीं टिपलेला आहे. वरच्या खोल्या अद्याप रिकाम्या आहेत.