शारदेचा नकार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जुन्या काळचे काहीतरी लिहा, असा आग्रह झाला. जुने म्हटले की मला प्रथम आठवते ते गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा'. त्यातील पदे आपल्यापैकी कित्येकींना आई-आजीच्या तोंडून ठाऊक असतील. कथा मात्र पुरती फार थोड्या जणींना आठवते. आणि खरी शिकवण तर त्या कथेतच आहे.

देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. जन्म 1855 सालचा, मृत्यू 1916 चा. त्यांनी लिहिलेल्या सात नाटकांपैकी सहांचा आधार संस्कृत किंवा पाश्चात्त्य नाटकांचा आहे. संपूर्णपणे त्यांचे स्वतःचे असे नाटक एकच, ते 'शारदा'. किर्लोस्कर नाटक मंडळीने 1899 साली इंदूर येथे ते प्रथम रंगभूमीवर आणले. तेव्हा विलायतेत व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते आणि इकडे आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने लागत होती.

नाटकाची हकीकत थोडक्यात अशी. भुजंगनाथ नावाचा एक श्रीमंत म्हातारा, वय पाऊणशे, पुन्हा बोहल्यावर चढायला निघाला आहे. भद्रेश्वर दीक्षित हा त्याचा मध्यस्थ. तो गाठतो कांचनभटाला. कांचनभटाजवळ पैसा नाही, पण पैशाची हाव आहे आणि घरात शारदा नावाची उपवर मुलगी आहे. सौदा ठरतो. देवलांनी नावेसुद्धा कशी ठेवली आहेत पाहा! बापाच्या नावात सोने, नवऱ्याच्या नावात साप. म्हाताऱ्याने तरुण दिसण्यासाठी केलेल्या खटपटी, दीक्षितांची गोड जीभ, श्रीमंताची राणी होणार म्हणून मैत्रिणींनी शारदेची केलेली थट्टा, हे सारे पाहताना प्रेक्षक पोट धरधरून हसत. आणि हसता हसता एकाएकी गप्प होत. कारण शारदा रडू लागलेली असे.

श्रीमंत सोयरीक जोडून वर चढण्याची ही हौस काही आपल्याच देशातली नव्हे. इंग्लंडात थॅकरे नावाच्या कादंबरीकाराने 1847-48 साली 'व्हॅनिटी फेअर' लिहिली. तिच्यातली बेकी शार्प ही गरीब चित्रकाराची मुलगी स्वतःच्या हुशारीने आणि लग्नाच्या जोरावर वरच्या वर्गात शिरू पाहते. वाचक तिला हसतो, तिच्यावर रागावतो. पण चढणारी ती स्वतः आहे. आपल्या शारदेचे तसे नाही. इथे चढायचे आहे ते बापाला. शारदा ही नुसती शिडी. शिडीला कोणी विचारते का, तुझ्यावर पाय ठेवू काय म्हणून?

आता लग्न मोडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. कोदंड नावाचा सुधारक तरुण भर लग्नात उघडकीस आणतो की वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत. झाले, लग्न थांबते! मुलगी कळवळून सांगते आहे, 'मला हे नको'. त्याने एकाचेही मन द्रवले नाही. गोत्र जुळले तेव्हा मात्र सगळे जागे झाले. त्यानंतर अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला जगात जागा कुठली? शारदा नदीत जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचा विवाह होतो. शेवट गोड झाला खरा. पण शारदेच्या 'नको' या शब्दाची किंमत अखेरपर्यंत कोणीच केली नाही.

नाटकातली शारदा नदीकडे गेली. तिच्या आधीच मुंबईची एक खरीखुरी मुलगी कोर्टात उभी राहिली होती. डॉ. रखमाबाई हे तिचे नाव. अकराव्या वर्षी झालेले लग्न तिने मान्य केले नाही. 1887 साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. पुढे तडजोड झाली. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

1929 साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नावावरून त्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणू लागले, आणि पुष्कळांना वाटले की तो नाटकातल्या शारदेचाच! त्यात मुलीचे वय 14 ठरले होते. 1978 साली ते 18 झाले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तर मोठी मौजेची उलटापालट आहे. ज्या सगोत्रामुळे शारदा सुटली, त्याची अडचण त्या कायद्यात नाही. उलट जबरदस्तीने किंवा फसवून संमती घेतली असेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. ज्या 'नको'ला मांडवात किंमत नव्हती, त्याला कायद्याने किंमत दिली.

पण कायदा कागदावर असतो आणि सोयरीक जमते ती ओसरीवर. शारदेच्या बापाने पैसे घेतले; आजचा बाप पैसे देतो. हुंड्याला 1961 सालीच बंदी झाली, तरी आपल्या वऱ्हाडात एका साक्षगंधासाठी वावर गहाण पडल्याचे आपण पाहतो. नोकरीवाला जावई, शहरातले घर, चारचाकी यांचा मोह कांचनभटाच्या मोहाहून वेगळा नाही. राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत महिलोन्नती आणि वैवाहिक जीवन असे दोन स्वतंत्र अध्याय घातले, ते उगीच नव्हे. गुरुकुंजाच्या सावलीत राहणाऱ्या आपण त्यांचे पारायण करतो. पण घरी पाहुणे आले की पोह्यांची बशी मुलीच्या हातात देऊन मोकळ्या होतो.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. देवलांच्या काळी शारदेची भूमिका पुरुष नट करीत. स्त्रीचे दुःखदेखील रंगभूमीवर पुरुषांच्याच गळ्यातून ऐकू येई. आज आपल्या मुली स्वतःच्या तोंडाने बोलतात. स्थळ आले की बोलणी पुढे नेण्याआधी तिला जवळ बसवा आणि आईने विचारावे, बाई गं, तुझे मन काय म्हणते? आणि ती 'नको' म्हणाली, तर ते पाहुण्यांना सांगण्याची हिंमत आपण ठेवावी. ती हिंमत एकटीला होत नसेल, तर मंडळातल्या चार जणींनी तिच्या पाठीशी उभे राहावे. मंडळ असते ते याचसाठी.