राजीनामा नावाचा कागद



टेंभी नाक्यावर उभं राहिलं की राजकारण शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपणहून चालत येतं. एका अंगाला सिव्हिल हॉस्पिटल, पलीकडे कोर्ट नाका, खाली जांभळी नाक्याचा बाजार आणि नाक्यावरच आनंद दिघे यांचा आनंदाश्रम. १९७८ पासून इथं नवरात्रात देवी बसते आणि सारं ठाणं दर्शनाला लोटतं. मी वाढलो जवळच्या महागिरीत. या नाक्यावरून गेलेले मोर्चे मी किती पाहिले याचा हिशेब नाही. पण त्या सगळ्या घोषणांमध्ये एक शब्द हटकून असायचा. पक्ष बदलले, झेंडे बदलले, शब्द तोच राहिला. राजीनामा.

शब्दाची गंमत पाहा. उर्दूत पद सोडण्याला ‘इस्तीफा’ म्हणतात. तिथं राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख. मराठीनं मात्र हा फार्सी शब्द पद सोडण्यासाठी घेतला. का घेतला, याचा माग महसुलाच्या जुन्या दप्तरांत लागतो. मुंबई इलाख्यात कुळानं जमीन सोडायची तर तो राजीनामा लिहून देई आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. एकानं सोडलं, दुसऱ्यानं पत्करलं. दोन कागद, दोघांची राजीखुशी.

हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही, अब्बांकडून कळलं. अब्बा कोर्ट नाक्यावर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं, मराठी कारकुनी वळणाचं. लोक त्यांना मुन्शीजी म्हणत. आमचं मूळ गाव म्हसळा तालुक्यातलं, आणि त्याच तालुक्यातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. ९ जून १९८० रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. या राज्याचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री. त्या दिवशी आमच्या घरात शिरखुर्मा झाला. ईद नव्हती, तरी झाला. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो अब्बांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी दहा वर्षांचा होतो. मला वाटलं, आपल्या घरातलंच कुणीतरी मंत्रालयात जाऊन बसलंय.

अंतुले धडाक्याचे होते, हे त्यांचे विरोधकही नाकारत नसत. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच वर्षी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली, आणि अब्बांच्या टेबलाशी विधवा आणि म्हाताऱ्या बायांची रांग लागू लागली. या अर्जांचे अब्बा पैसे घेत नसत. “मुख्यमंत्री आपल्या गावाकडचे, एवढं तर आपण करायलाच हवं,” असं म्हणायचे.

पण त्याच टेबलावर अर्जांचा दुसरा एक गठ्ठा असे. सिमेंटचा. आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही, पण तेव्हा सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. घराची भिंत खचली, न्हाणीघराची फरशी उखडली, की दहा पोत्यांसाठी अर्ज करायचा, पुरवठा कचेरीत खेटे घालायचे आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परवाना मिळावा म्हणून देवाला हात जोडायचे. अब्बा तो अर्ज फार कळवळून लिहीत. ‘अर्जदाराची वृद्ध आई गळक्या छपराखाली राहते’ हे वाक्य मला पाठ झालं होतं.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि त्या दुसऱ्या गठ्ठ्याला निराळाच अर्थ आला. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधींच्या नावानं प्रतिभा प्रतिष्ठान काढलं होतं. हेतू काय, तर साहित्यिक आणि कलावंतांना मदत. त्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा वाढीव कोटा मिळायचा, असा आरोप होता. मी पुढं कविता लिहू लागलो म्हणून हे जास्त बोचतं. गळक्या छपराखालच्या म्हातारीचं सिमेंट कुणाच्या नावावर दुसरीकडे वळलं? कवी-कलावंतांच्या!

विरोधी आमदारांनी राजीनामा मागितला. मागितला म्हणजे काय, हेही समजून घेऊ. घटनेच्या १६४व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. सभागृहाचा विश्वास उडाला तर सरकार जातं. पण एखाद्यानं नुसता राजीनामा मागितला म्हणून तो दिलाच पाहिजे, असं कुठलंही कलम नाही. मागणी नैतिक असते, तिच्यामागे संख्या असतेच असं नाही. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या होत्या. मतदानानं अंतुले हलणार नव्हते. शिवसेनेनं ती निवडणूक लढवलीच नव्हती, आणि बाळासाहेब ठाकरे आणि अंतुले यांची दोस्ती सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे आमच्या टेंभी नाक्यावरची पोरंही तेव्हा अंतुल्यांच्या विरोधात नव्हती.

मग विरोधकांनी कागद गोळा केले. जनता पक्षाचे प्रा. प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी खटल्याची वाट धरली. आणि इकडे आमच्या घरात भांडण पेटलं.

धाकटे चाचा गावाहून आले होते. ते म्हणाले, “मुसलमान मुख्यमंत्री डोळ्यांत खुपतोय. म्हणून हे सगळं.” अब्बा जेवत होते. त्यांनी हात धुतले, कपाटावरचा गठ्ठा काढून चाचांसमोर ठेवला आणि म्हणाले, “हे बघ. यात हिंदू किती, मुसलमान किती, मोज. सगळ्यांनाच सिमेंट मिळालेलं नाही.” चाचा म्हणाले, “तू आपल्या माणसाच्या विरोधात बोलतोस?” अब्बा म्हणाले, “त्यांच्यावर अन्याय होत असेल तर कोर्ट सांगेल. पण आरोप खरा निघाला तर त्यांनी जायला हवं. नाही गेले तर उद्या या टेबलावर मी कुठल्या तोंडानं बसू?” चाचा त्याच रात्री मुंबई सेंट्रलला निघून गेले. गावच्या एस.टी.ला. पुढची दोन वर्षं ते आमच्याशी बोलले नाहीत. दोन ईदा आमच्याकडे चाचांशिवाय झाल्या.

१२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध त्यांनी मान्य केला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर पेपरवाल्यानं अब्बांना विचारलं, “काय मुन्शीजी, तुमचा माणूस गेला?” त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, खरं तर हळहळच होती. अब्बा म्हणाले, “माणूस आमचा होता. खुर्ची सगळ्यांची होती.” पैसे देऊन त्यांनी पेपर घेतला. घरी आल्यावर कपाटाच्या दारावरचा फोटो मात्र काढला नाही.

मी मोठा झाल्यावर हा इतिहास पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. निकाल देणारे न्यायमूर्ती पारशी. त्याच वर्षी जुलैत खटल्याला परवानगी देणारे राज्यपाल इद्रिस हसन लतीफ, म्हणजे मुसलमान. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, मुलीच्या एम.डी.च्या निकालावरून उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील-निलंगेकरांना जावं लागलं, ते मराठा. मापं एकच होती. हेही सांगायला हवं की अंतुल्यांवरचा खटला वर्षानुवर्षं रखडला आणि त्यांना शिक्षा कधीच झाली नाही. १९८८ साली तर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं, हा खटला उच्च न्यायालयाकडे पाठवण्यात आपलीच चूक झाली होती, असं म्हणून आधीचा आदेश मागे घेतला. कोर्ट आपली चूक मान्य करतं, हेही चाचांना तेव्हा पत्रानं कळवलं पाहिजे, असं अब्बा म्हणाले होते. तोवर दोघांचं बोलणं सुरू झालं होतं.

आता दुसरा प्रसंग. डिसेंबर २००८. मुंबईवर हल्ला होऊन तीन आठवडे झाले होते. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले होते. शिवराज पाटील, आर. आर. पाटील, विलासराव देशमुख, तिघांची पदं गेली होती. १७ डिसेंबरला केंद्रात अल्पसंख्याक मंत्री असलेले अंतुले संसदेबाहेर बोलले. करकऱ्यांना त्या गल्लीत कुणी पाठवलं, असा सवाल त्यांनी केला आणि मालेगावच्या तपासाकडे बोट दाखवलं. लोकसभेत गदारोळ झाला. भाजप आणि शिवसेनेच्या खासदारांनी राजीनाम्याची मागणी केली. एकेकाळचे दोस्त आता समोरच्या बाकावर होते. अंतुल्यांनी राजीनामा पाठवला, पण पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तो स्वीकारला नाही. २३ डिसेंबरला गृहमंत्री चिदंबरम यांनी सभागृहात निवेदन करून ती शंका फेटाळली.

त्या आठवड्यात कार्यालयात एका सहकाऱ्यानं मला विचारलं, “तुमचे अंतुले काय बोलले, वाचलंत ना?” अब्बा तेव्हा हयात नव्हते. मी चटकन म्हणालो, “ते माझे कोण लागतात?” आणि फायलीत डोकं घातलं.

श्रोतेहो, हे उत्तर मला अजून टोचतं. अब्बांनीही अंतुल्यांचा राजीनामा योग्य ठरवला होता, पण अर्जांचा गठ्ठा समोर ठेवून. मी झटकले ते भीतीपोटी. शांतपणे विचार केला असता तर मागणीला सबळ कारण होतं, हे मी सांगू शकलो असतो. मंत्र्याला शंका असेल तर त्यानं मंत्रिमंडळात विचारावं. आपल्याच सरकारला रस्त्यात उभं राहून, हाती पुरावा नसताना, जाब विचारायचा तर सामूहिक जबाबदारी उरते कुठं? पण त्या दिवसांतल्या घोषणांत हे कारण कमी आणि नाव जास्त होतं. निदान माझ्या कानांना तसं ऐकू आलं. विलासराव गेले तेव्हा लातूरच्या कुणा माणसाला नाक्यावर थांबवून ‘तुमचे देशमुख’ असं कुणी विचारलं नव्हतं.

तिसरा प्रसंग तर आमच्या दारातलाच. जून २०२२ मध्ये टेंभी नाक्यानं घडवलेले एकनाथ शिंदे आमदारांसह निघाले. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी सभागृहात जाण्याआधीच राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फटाके फुटले, काही घरांचे दरवाजे मात्र बंद राहिले. दोन्हीकडे माझ्या ओळखीची माणसं. कोण बरोबर, हे मी इथं सांगणार नाही. ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र मी अब्बांच्या नजरेनं वाचला. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, असं घटनापीठानं म्हटलं. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असंही म्हटलं. म्हणजे मागणारे कितीही असोत, अखेर कागद देणाऱ्याचा. त्यानं राजी म्हणून सही केली की तो कागद परत येत नाही.

राजीनामा मागणं हा लोकप्रतिनिधींचा हक्क आहे आणि तो राहायला हवा. तो नसता तर सिमेंटचा गठ्ठा अब्बांच्या टेबलावर तसाच पडून राहिला असता. माझं म्हणणं इतकंच की मागणी करताना हातात कागद असावा, आणि त्यावरचं नाव झाकलं तरी मागणी तशीच उभी राहावी.

जमीन सोडण्याचा कागद लिहून झाला की अब्बा तो खेडूताला तीनदा वाचून दाखवायचे. अंगठ्याला शाई लावण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघून विचारायचे, “का सोडतोयस, ते कळलं ना? राजी आहेस ना?” तो ‘हो’ म्हणेपर्यंत शाईची डबी उघडत नसत. मागं रांग कितीही खोळंबली तरी.