डालगं, पिंप आणि नरसाळं : सीमाभागातल्या परसातल्या काही वस्तू

बिदर म्हटलं की वारसाप्रेमींना किल्ला आठवतो, महमूद गवानचा मदरसा आठवतो आणि काळ्या धातूत चांदी बसवलेली बिदरी सुरई आठवते. बिदरी कामाचे नमुने 1851 सालीच लंडनच्या महाप्रदर्शनात जाऊन आले. त्यावर ग्रंथ आहेत, संग्रहालयांत कपाटं आहेत. याच जिल्ह्यात परसातली कोंबडी धरायची, कापायची, साफ करायची म्हणून घरोघरी जी अवजारं होती, ती मात्र कुणी कपाटात ठेवली नाहीत. ठेवणार तरी कशी? ती बांबूची, पत्र्याची, फुटक्या भांड्यांची. मोडली की चुलीत, नाहीतर भंगारवाल्याकडे. भालकी, औराद, बसवकल्याण आणि पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, या पट्ट्यात पाहिलेल्या आणि काही स्वतः वापरलेल्या अशा वस्तूंचं हे टिपण आहे.

सुरुवात डालग्यापासून करायला हवी. बांबूच्या कामट्यांचं, घुमटासारखं विणलेलं हे डालगं उपडं घातलं की खाली कोंबडी आणि पिलं सुरक्षित. ‘डालणे’ हे क्रियापद आजही आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे: "दिवस मावळला, कोंबड्या डाल." विणणारे बुरूड, कन्नडमध्ये मेदार. बाराव्या शतकातल्या शरणांमध्ये मेदार केतय्या होते, ते याच व्यवसायाचे. मांसाहार वर्ज्य मानणाऱ्या शरणांचा उल्लेख कोंबडीच्या लेखात यावा ही गंमतच, पण टोपली विणणाऱ्याचा इतिहास टोपलीत कोण बसतं यावर ठरत नाही. जाता जाता भाषेची एक गोष्ट. कन्नडमध्ये कोंबडीला ‘कोळी’ म्हणतात. नव्याने भालकीला आलेला पुण्याकडचा माणूस बाजारात "कोळी किती?" हे ऐकून बावचळतो.

डालग्याचा दुसरा उपयोग कमी सांगितला जातो. मान कापल्यावर कोंबडी फडफडते, अंगणभर रक्त उडवते. म्हणून ती लगेच डालग्याखाली किंवा पाटीखाली झाकायची आणि शांत झाली की काढायची. जिवंतपणी जे घर, तेच शेवटी झाकण. पुढे जी साधनं आली त्यांची मुळं या झाकण्यात आहेत.

पण कापायचं कुणी? गावगाड्यात या कामासाठी वेगळं अवजार नव्हतं, माणूस होता. मुलाणी. बलुत्याच्या अनेक याद्यांत त्याचं नाव येतं. मशिदीची दिवाबत्ती, मुसलमान घरांतले विधी आणि गावातल्या बकऱ्या-कोंबड्यांची मान कापणं, ही त्याची कामं. सुगीला खळ्यावर धान्य, शिवाय कापलेल्या जनावराच्या मांसात वाटा. मराठा घरातल्या देवकार्याचं बकरंही मुलाण्यानेच कापायचं, असा रिवाज दख्खनच्या बऱ्याच गावांत होता. याचा व्यवहारी फायदा असा, की एका कापणीतलं मांस गावातल्या दोन्ही धर्मांच्या माणसांना चालायचं. पाहुणा कोण येणार याचा विचार करावा लागत नसे. त्याच्याकडे धारदार सुरी असे आणि हाताला सवय. पंख पायाखाली, मान डाव्या हातात, एक वार. घरच्या बाईकडे मग पुढचं सगळं: पाणी, पिसं, विळी.

ही व्यवस्था कधी सुटली? एका तारखेला नाही. पण आमच्या भागात 1948 हे वर्ष ओलांडून पुढे जाता येत नाही. मे महिन्यात गोरटा गावात रझाकारांनी हत्याकांड केलं. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बिदर होते. अनेक कुटुंबं गाव सोडून शहरांकडे गेली. ज्या गावातून मुलाण्याचं घर उठलं, तिथे दुसऱ्याच वर्षीच्या जत्रेला कोंबडं कुणी कापायचं हा अगदी साधा प्रश्न उभा राहिला असणार. माझ्या मते घरच्या माणसांनी हे काम हातात घेण्याची एक सुरुवात तिथे आहे. दुसरी, जास्त संथ सुरुवात बलुतेदारीच मोडत गेली त्यात आहे. खळ्यावरचं धान्य थांबल्यावर कुणी फुकट का यावं?

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य तुटलं. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. कोंबड्यांना सीमा नव्हती. उदगीरच्या बाजाराला इकडच्या कोंबड्या पाय बांधून, सायकलच्या हँडलला उलट्या टांगून जात. त्या उलट्या टांगलेल्या कोंबड्या गप्प असतात हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. नरसाळ्याचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणात आहे.

नंतर आली दुकानं. 1971 साली वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ब्रॉयलर कोंबडी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. दुकानात डालग्याची जागा प्लास्टिकच्या निळ्या पिंपाने घेतली. मान कापायची आणि पिंपात टाकायची. आतली धडधड थांबली की बाहेर काढून कातडीसकट पिसं ओढून टाकायची. काम दोन मिनिटांचं. माझं स्पष्ट मत आहे की डालग्यापेक्षा पिंप वाईट. एकावर एक पक्षी पडतात, पंख मोडतात, मांसात रक्त साकळतं. आणि कातडी गेली की गावरान कोंबडीच्या रश्श्यात उरतं काय?

पत्र्याचं नरसाळं हे घरगुती उत्तर. गोडेतेलाचा पंधरा किलोंचा चौकोनी डबा घ्यायचा. वरचा-खालचा भाग कापून उभा चिरला की साधारण तीन फूट लांब आणि फूटभराहून थोडा रुंद पत्रा मिळतो. त्याचा निमुळता शंकू वळवायचा: वरचं तोंड सात-आठ इंच, खालचं तीन-साडेतीन. जोडावर दोन-तीन रिबिटा, नाहीतर भोकं पाडून तार. कडा आत दुमडून हातोडीने बसवायच्या, नाहीतर पक्ष्याच्या आधी आपलाच हात कापतो. खिळ्याने भिंतीला किंवा लिंबाच्या खोडाला ठोकायचं, खाली घमेलं. कोंबडी डोकं खाली करून सोडली की पंख अंगाशी दाबले जातात, मान खालून बाहेर येते आणि ती शांत राहते. रक्त पूर्ण निचरतं. एकटा माणूस, एकटी बाईसुद्धा, कुणाच्या पायाखाली पंख न दाबता हे करू शकते. परदेशातले हौशी कोंबडीपाळ रस्त्यावरचे केशरी शंकू खालून कापून हेच करतात.

मापाची अडचण गिरिराजने आणली. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने परसासाठी काढलेली ही जात गावरान रंगाची, पण अंगाने थोराड. नर तीन-चार किलोंचा होतो. गावरानच्या नरसाळ्यात तो खांद्याशी अडकतो. त्यासाठी वरचं तोंड दहा इंचांचं लागतं आणि एका डब्याचा पत्रा जेमतेम पुरतो. एकाच भिंतीवर दोन मापांची नरसाळी दिसली की त्या घरात गिरिराज आली असं खुशाल समजावं.

पाण्याबद्दल घरोघरी वाद आहेत. उकळत्या पाण्यात बुडवलं तर कातडी शिजते, पिसांबरोबर सोलून येते. कोमट असेल तर पिसं हलत नाहीत. हवं असतं साठ-पासष्ट अंश, तेही मिनिटभर. थर्मामीटर कुणाकडे होतं? आमच्या घरची रीत अशी: भगुन्यात एक तांब्या उकळतं, एक तांब्या गार. हिशेब करून पाहा. बिदरचं पठार बावीसशे फुटांवर, तिथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. रांजणातलं पाणी पंचवीस धरलं तर मिश्रण एकसष्टच्या पुढे जातं. नेमकं हवं तेवढंच. भगुनं थोडी उष्णता खातं, म्हणून बायका उकळत्याचा तांब्या काठोकाठ भरतात. तयार झालं की नाही हे पंखाचं मोठं पीस ओढून कळतं. अलगद आलं की कोंबडी बाहेर.

शेवटी जाळ. मोठी पिसं गेली तरी बारीक लव राहते. ती तुराट्यांच्या किंवा ज्वारीच्या चिपाडांच्या झटपट पेटणाऱ्या जाळावर फिरवून जाळायची, मग हळद चोळून धुवायचं. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुराट्यांना कोण देणार! पण या भागात सरपण म्हणून त्याच हाताशी असतात आणि भाजलेल्या कातडीचा वास त्यांचाच असतो. आता काही घरांत गॅसचा बर्नर वापरतात. लव जळते, वास येत नाही.

पिसं काढायचं यंत्रही आता काही दुकानांत आलंय: फिरतं भांडं, आतून रबरी बोटं. अमेरिकेत हेरिक किंबॉल या गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिंपातून असं यंत्र घरी कसं करावं यावर पुस्तकच लिहिलं, त्यावरून जगभर हौशी लोकांनी ते केलं. जुन्या वॉशिंग मशीनच्या टबाला भोकं पाडून रबरी बोटं बसवण्याचा प्रयोग आपल्याकडच्या वर्कशॉपातही सहज होण्यासारखा आहे. पाच-सात कोंबड्या पाळणाऱ्या घराला त्याची गरज नाही. बचत गटाला असेल.

या टिपणात सगळ्यात कच्चा भाग मुलाण्याचा आहे. कुणाच्या घरी जुन्या दप्तरात मुलाण्याच्या बलुत्याची, त्याच्या इनामाची किंवा जत्रेतल्या मानाची नोंद असलेला कागद असेल, मोडी, कन्नड, उर्दू कोणत्याही लिपीत, तर मंडळाकडे छायाचित्र पाठवावं. आणि परसात जुनं डालगं पडलं असेल तर चुलीत घालण्याआधी त्याचा घेर आणि उंची तेवढी मोजून ठेवावी.