मत्स्यविनोद : 'मानसोल्लासा'तील गळाची विद्या

'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असतो तो प्रामुख्याने ओवीच्या उल्लेखामुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, एवढी नोंद टिपून घ्यावयाची आणि ग्रंथ मिटावयाचा, अशी आपल्याकडील रीत आहे. परंतु ज्या विनोदविंशतीत ही नोंद येते, तिच्यातच 'मत्स्यविनोद' नावाचा एक अध्याय आहे आणि त्याचा विषय गळाने मासे धरणे हा आहे.

ग्रंथकार कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर, सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र. त्याची राजधानी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या पाच विंशती असून प्रत्येकीत वीस अध्याय आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंडेकरांनी तो संपादित केला. त्याचे तीन भाग १९२५, १९३९ आणि १९६१ या वर्षी प्रसिद्ध झाले.

मत्स्यविनोदात सुमारे ३५ प्रकारचे मासे सांगितले आहेत. समुद्रातले कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, अशी त्यांची वर्गवारी आहे. रोहितालाही, म्हणजे आपल्या रोहूच्या नावालाही, तीत स्थान आहे. मात्र खरी मौज पुढे आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, याचा विचार ग्रंथकाराने गळाच्या बरोबरीने केला आहे. तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्याला यातील मर्म तत्काळ उमगेल. रोहू, कटला, मृगळ या माशांच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात. हे मासे भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. म्हणून आमिष मऊ हवे, पेंडीचे, भाताचे वा कणकेचे. गळ त्या त्या खोलीवर राहावयास हवा. आणि जागेला आधी काही दिवस चारा टाकून माशाचा विश्वास संपादन करावयास हवा. मोठा रोहू लागला की दोरी सैल सोडून त्याला दमवावे लागते. घाई केली की ओठ फाटतो आणि मासा जातो.

मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लेख लिहिला, तेव्हा विद्वानांचे लक्ष इकडे वळले. इंग्रजीतील गळावरील पहिला छापील प्रबंध १४९६चा, आयझॅक वॉल्टनचा प्रख्यात ग्रंथ १६५३चा. आपण साडेतीन शतके पुढे होतो, असा अभिमान यावरून मिरविता येईल. पण तो काहीसा स्वस्त ठरेल.

अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. राजाला हे सांगितले कोणी? खवल्यांवरून जात ओळखणे, कोणता मासा कशाला भुलतो हे जाणणे, ही विद्या सिंहासनावर बसून येत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या भोई-ढीवरांची असली पाहिजे. माशांची कित्येक नावेही संस्कृतपेक्षा देशी वळणाची वाटतात. ओवीच्या नोंदीत निदान 'स्त्रिया गातात' असे म्हटले आहे. मत्स्यविनोदात मासे पस्तीस, आमिषे अनेक. ते सारे ज्यांनी सांगितले असेल, त्यांपैकी एकाचेही नाव नाही.