ग्रेपनेट : सूत्रधाराविना समूहकार्य

निफाडच्या बागेतील द्राक्षे युरोपात पोहोचेपर्यंत बागाईतदार, कृषी अधिकारी, प्रयोगशाळा, पॅकहाऊस आणि निर्यातदार अशा अनेकांचा हात त्यांना लागतो. ही मंडळी एकत्र बसत नाहीत. त्यांना क्रम सांगणारा तज्ज्ञ सूत्रधारही नसतो. हे काम 'ग्रेपनेट' ही संगणकप्रणाली करते. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांवरून नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षे अडचणीत आली. पुढे २००६ मध्ये 'अपेडा'ने ही प्रणाली सुरू केली.

बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, ॲगमार्क आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हा क्रम प्रणालीतच बांधलेला आहे. आधीची नोंद नसेल, तर पुढची पायरी उघडत नाही. तक्रार आलीच, तर परदेशातील पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. याच धर्तीवर पुढे डाळिंबासाठी 'अनारनेट' आली.

मात्र यादीत जे असेल, तेवढेच प्रणाली पाहते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते! ते नंतर समाविष्ट झाले. त्या हंगामाचा तोटा मात्र बागाईतदारांच्याही अंगावर पडला.